टाचेवरचा डाग

लक्ष्याच्या डाव्या टाचेवर काळा डाग दिसला, तेव्हा त्याच्या बायकोने, शुक्रीने, सुईने टोकरून पाहिलं. काटा काही निघाला नाही. तलासरीच्या पाड्यावरून रोज घोलवडच्या वाडीत चिकू उतरवायला जाणारा माणूस. पायात काहीतरी रुतायचंच. वर्षभराने डाग चिघळला. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला पाठवला आणि मग मुंबई गाठावी लागली.

"कातडीचा कॅन्सर आहे. असा आपल्याकडे क्वचितच दिसतो," तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. टाचेचं मांस काढून मांडीची कातडी लावली. "दर तीन महिन्यांनी यायचं. बरं वाटलं तरी यायचं."

२०१७ चा पावसाळा सरला आणि लक्ष्या पुन्हा झाडावर चढू लागला. मुंबईची फेरी दोनदा चुकली. शुक्रीने विषय काढला की तो पाय पुढे करायचा. "बघ, कसा भरलाय!" पाय खरंच भरला होता. ती रोज टाच बघायची. आणखी कुठे बघायला हवं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

माघात एका दुपारी तो झाडावरून उतरला. उजव्या फांद्या साफ झाल्या होत्या, डावीकडचे तयार चिकू तसेच लोंबत होते.

"ते कुणाला ठेवलेस?" खाली चिकू गोळा करणाऱ्या शुक्रीने विचारलं.

"कुठले?" तो तिच्या बोटाच्या दिशेने बघत राहिला.

घरी जेवताना तो कुरकुरला, "आज बोंबील नाय?" बोंबील ताटात डावीकडेच होते. शुक्रीने ताट फिरवलं.

"आत्ता वाढलेस का?" त्याने विचारलं. दुसऱ्याच दिवशी ती त्याला मुंबईला घेऊन गेली.

तिथे मशीनवर काढलेल्या डोक्याच्या फोटोत तीन गाठी निघाल्या.

"टाचेतलंच वर गेलंय, म्हणून डावीकडचं त्याला कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "किरणांचा शेक देऊ. थोडे दिवस मिळतील."

शेक झाला. चैत्रात लक्ष्या ओट्यावर पडून असायचा. एका सकाळी तो दचकून ओरडला, "शुक्री, माझ्या शेजारी कुणाचा हात पडलाय? उचल तो!"

तो त्याचाच डावा हात होता. शुक्रीने जवळ बसून तो गार हात मांडीवर घेतला.

"माझा आहे," ती म्हणाली. "राहू दे."

"बरं," म्हणत त्याने डोळे मिटले.

नऊ दिवसांनी तो गेला.