वाळूवरची दुसरी बाई

तुळशीला पाणी घालून पोथीचा एक अध्याय वाचून होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे. यंदा टायफॉइडने अंथरूण धरलं तेव्हासुद्धा अध्याय चुकवला नाही, पडल्या पडल्या वाचला. मात्र अध्याय झाला की हातात सुई घ्यायची, हा नेम नवा होता.

त्याचं असं झालं. नेकनूरच्या आम्ही भजनी मंडळाच्या बायका जेठात रामेश्वर-कन्याकुमारी करून आलो. माझ्या थोरल्या जाऊबाई, सुभद्राबाई, बरोबर होत्या. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. गाडीत ज्याला त्याला सांगायच्या, "देवाला मी इथूनबी हात जोडते. मला पानी बघायचंय, पल्याडचा काठ नसलेलं."

रामेश्वरचा पूल येता-जाता रात्रीच्या अंधारात गेला; तिथं देवदर्शन झालं, पण समुद्रावर जायचं त्यांनी मुद्दाम राखून ठेवलं. म्हणाल्या, कन्याकुमारीला तीन समुद्र एका जागी, तिथंच डोळे भरून बघीन. आणि नेमकं वाटेत कुठलंसं पाणी मला बाधलं. कन्याकुमारीला पोहोचलो ती मी तापाने फणफणलेली, उलट्या थांबेनात. सगळ्या बायका सूर्योदय बघायला गेल्या. जाऊबाई माझ्या उशाशी परात धरून बसल्या. खोलीत समुद्राचा आवाज येत होता. "बाई, तुम्ही जाऊन या," मी म्हणाले, तर म्हणाल्या, "गप पड." औषध आणायला तेवढ्या खाली उतरल्या आणि लगेच वर आल्या. दुपारी गाडी सुटली.

औषधाबरोबर त्यांनी एक पाकीट आणलं होतं. जाळीचं कापड, त्यावर छापलेला समुद्र आणि उगवता सूर्य, रंगीत धाग्यांच्या लडी, एक बोथट सुई. फुलीच्या टाक्यानं भरायचं. "घरी पडल्या पडल्या भर," म्हणाल्या. "तेवढाच समिंदर."

घरी आल्यावर टायफॉइड निघाला. डॉक्टरांनी उपास बंद केले, मऊ भात सांगितला. मी अंथरुणात बसून निळ्या फुल्या भरू लागले. भरता भरता मनात एकच यायचं, की हा समुद्र माझ्यापायी राहिला. त्यातच जाऊबाईंच्या मुलाच्या, सुरजच्या, बायकोला पुण्यात मुलगा झाला. लेकराजवळ कुणी हवं म्हणून जाऊबाईंनी तिकडंच राहायचं ठरलं. नागपंचमीचा सण करून दुपारी मांजरसुंब्याला पुण्याची गाडी धरायची. मी ठरवलं, त्यांचा समुद्र पुरा करून त्यांच्या हातात द्यायचा. तोंडानं मला काही बोलता येणार नव्हतं.

खाली वाळू रिकामीच होती. तिच्यावर दोन बायका भरायच्या असं मी मनानंच ठरवलं. नमुन्यात त्या नव्हत्या.

पण अशक्तपणा वाईट. मोजताना नजर हलायची. सूर्य जाळीच्या एका घरानं सरकला, तो सगळा उसवावा लागला. पंचमीच्या आदल्या संध्याकाळी वाळूवर हिरव्या लुगड्यातल्या जाऊबाई उभ्या राहिल्या आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आमच्या यांनी, आश्रुबांनी, कापड ओढून घेतलं. "डोळे फोडून घ्यायलीस का?"

"दुसरी बाई राहिली की."

"मग सकाळी भर."

"सकाळी पंचमी आहे."

पंचमीला आमच्यात चिरणं-भाजणं नसतं, सुई-कात्रीला हात लावायचा नसतो. नागाला टोचतं, असं सासूबाई सांगायच्या. हे म्हणाले, "एवढ्याशा फुल्यांनी कुठला नाग मरतोय? देव काय तुझ्या सुईवर ध्यान ठेवून बसलाय?"

देव नसेल बसला. पण मी बसले होते. सकाळी अध्याय वाचून झाल्यावर पाकीट उघडलं, सुईकडं बघितलं आणि पुन्हा झाकलं. ज्या बाईनं माझ्यासाठी समुद्र सोडला तिच्यासाठी एक नेम सोडता येऊ नये, हे मला टोचत होतं. पण नेम सोडून भरलेल्या फुल्या त्यांच्या हातात देताना माझी मान वर झाली नसती, हेही खरं.

जाऊबाई पुरणाचे दिंड घेऊन आल्या. नवं लुगडं, हाताला मेंदी. "खा गं, उकडलेलं हाय, तुला चालंल." मी कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्या निळ्यावरनं हात फिरवत राहिल्या.

"बाई, माझ्यापायी तुमचा समुद्र राहिला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय, राहिला," त्या म्हणाल्या. "लई वाईट वाटलं. खोटं कावून बोलू?" मग हसल्या. "पर तवा डोस्क्यात येकच. तू तिथं मेलीस तर आश्रुबाला काय तोंड दावू? समिंदर बघाया गेलते म्हनू?"

मलाही हसू आलं आणि डोळेही भरले.

त्यांनी वाळूवर बोट ठेवलं. "ही हिरवी मी का? मग मला येकटीलाच कावून हुबं केलंस?"

"शेजारी मी होते. राहून गेले. आज सुई धरता येत नाही."

"मग धरू नगंस. मला शिकीव. मी भरीन तिकडं."

"सुईशिवाय कसं शिकवू?"

"बोटानं."

मग मी बोटानं शिकवलं. या घरातनं वर, त्या घरात तिरकं खाली, मग उलटं तिरकं, की झाली फुली. माझं बोट पुढं, त्यांचं मेंदीचं बोट मागं. डोकं इथं, पदर इथं. तुमच्या हिरव्या लुगड्यापासून एक घर सोडा, लाल धागा घ्या. बाहेर त्यांना न्यायला आलेला सुरज हाका मारत होता. जाऊबाईंनी घरं मोजत मान हलवली आणि कापड, लडी, सुई सगळं पिशवीत घातलं.

श्रावण सरता सरता सुरजनं फोनवर फोटो पाठवला. वाळूवर मी उभी होते. फुल्या कुठं ताणलेल्या, कुठं ढिल्या. टायफॉइडनं वाळलेली मी तिथं चांगली गोलमटोल होते, जाऊबाईंपेक्षा उंच. आणि लाल लुगडं हिरव्याला थेट जाऊन टेकलं होतं.

मी फोन लावला. मागं बाळ रडत होतं.

"बाई, मधलं एक घर सोडायचं विसरलात."

"इसरले न्हाई," त्या म्हणाल्या.