डावा हात

माझे यजमान देवराम यांना चैत्रात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डोकं शाबूत आहे, फक्त जीभ वळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नात शुभांगीनं पाटी-पेन्सिल आणून दिली. डाव्या हातानं दोन वेड्यावाकड्या रेघा ओढून त्यांनी पाटी पालथी घातली. तिनं मोबाइल पुढे केला, तर तो उशीखाली सारला. पाणी, चहा, पंखा एवढं खुणेनं मागायचे. बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड.

गंगापूर रोडला आमचा झेंडूचा मळा आहे. आता तीन बाजूंनी इमारती उठल्यात. यांचा जीव मात्र मळ्यापेक्षा घरबसल्या लांबच्यांशी बोलायच्या हॅम रेडिओत जास्त. गच्चीवरच्या टाकीपासून जांभळीपर्यंत तार ओढलेली, आणि खोलीत टेबलावर रेडिओ आणि मोर्सची की, आखूड-लांब आवाजांत अक्षरं पाठवायची कळ. चाळीस वर्षांपूर्वी परीक्षा देऊन लायसन काढलं. तेव्हा हे मोठ्यानं घोकायचे, डिट डा, डिट डा. मी शेजारी बसून हार ओवायची. अक्षर दिसतं कसं हे कळायच्या आधी मला त्याचा आवाज पाठ झाला. साक्षरता वर्गात मराठी शिकले तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. इंग्रजी अक्षरं पुढे शुभांगीच्या बालवाडीच्या पुस्तकातून उचलली. तेव्हा कुठे आवाज आणि अक्षर यांची गाठ पडली. पण हे मी यांना सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. हे इतकं भरभर वाजवायचे की मला एक अक्षर लागेपर्यंत दहा पुढे जायची.

रोज सकाळी सातला इगतपुरीहून वाळूभाऊ रेडिओवर यायचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, यांचे तिशीपासूनचे दोस्त. यांना झटका आल्याचं त्यांना ठाऊक होतं, तरी रोज सातला ते हाक द्यायचे. शुभांगी कॉलेजला निघताना रेडिओ लावून जायची. हे ऐकायचे, आणि हाक दुसऱ्यांदा आली की डाव्या हातानं रेडिओ बंद करायचे.

एक दिवस टेबल पुसताना मी उजवीकडची मोर्सची की उचलून डावीकडे ठेवली. दोन दिवस हे तिच्याकडे नुसतं बघत होते.

तिसऱ्या दिवशी हाक आली आणि यांनी डावा हात कीवर ठेवला. आपला कॉल साइन, रेडिओवरचं नाव, वाजवला. किती अडखळत. मध्येच थांबले, पुन्हा पहिल्यापासून वाजवला. कपाळाला घाम आला होता. पलीकडून कडकड काहीतरी वाजलं आणि सगळं गप्प झालं. हे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात माझा फोन वाजला. वाळूभाऊच होते, आणि तापलेले होते.

"वहिनी, की कोण दाबतंय?"

"का हो?"

"शुभांगीला म्हणावं, हात लावू नको. बिनलायसनचं वाजवणं गुन्हा आहे. देवरामचं चाळीस वर्षांचं लायसन जाईल अशानं."

"शुभांगी कॉलेजात गेली. हेच बसलेत."

"मला सांगता? त्याचा हात मी झोपेतही ओळखेन. हा त्याचा नाही."

या लोकांचं असंच असतं. माणूस त्यांना अक्षरावरून ओळखावा तसा वाजवण्यावरून कळतो, त्याला ते हात म्हणतात.

"तुम्ही उजवा ओळखता, भाऊ," मी म्हटलं. "हा डावा आहे."

त्यांनी फोन ठेवून दिला.

थोड्या वेळानं रेडिओ वाजला. वाळूभाऊंचं वाजवणं म्हणजे कढईत मोहरी तडतडावी तसं. त्या दिवशी मात्र एक अक्षर, मग थांबायचं, मग दुसरं. यांच्या डाव्या हाताला झेपेल त्या चालीनं. आणि मला अक्षरं लागायला लागली. इंग्रजी अक्षरांत मराठीच, कसा आहेस, विचारत होते.

यांनी उत्तर द्यायला घेतलं. मी हार ओवत होते. ए आलं, एम आलं, बी, यू. अंबू. घरात यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. पुढची अक्षरं एकेक करत आली आणि मी मनात जुळवली. अंबू थकली. झोपत नाही.

तीन महिन्यांनी हा माणूस बोलला होता, तो हे.

वाळूभाऊंनी त्यावर काय उत्तर दिलं ते माझ्याकडून निसटलं. त्यांचं संपल्यावर सुई टोपलीच्या कडेला खोचली आणि म्हटलं, "मी काही थकले नाही."

हे वळले. कीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कीकडे. त्यांना उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी रेडिओ बंद केला, डाव्या हाताचं बोट टेबलावर टेकवलं आणि मला लागेल इतक्या सावकाश लाकडावर वाजवलं.

खोटं.