उत्तमरावांची दुसरी साक्ष

बहात्तरच्या दुष्काळात डोणगावच्या आसपासच्या विहिरी आटल्या, तेव्हा आमच्या गावची बरीच माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. त्यांत उत्तमराव होते, म्हातारी मंजुळाबाईही होती. तिचा मुलगा सहदेव तुरुंगात होता, आणि तो उत्तमरावांच्याच साक्षीवरून गेला होता.

आदल्या उन्हाळ्यात गावातल्या एका शेतकऱ्याची कडब्याची गंजी पेटली. जवळ बांधलेले दोन बैल होरपळून मेले. सहदेवची ढोरं मागे उत्तमरावांच्या ज्वारीत शिरली होती, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. पोलीस विचारायला आले तेव्हा उत्तमराव म्हणून गेले, 'सहदेवला पळताना मी पाहिलं.' पाहिलं काहीच नव्हतं. पण पुढे बुलढाण्याच्या कोर्टात तेच शपथेवर सांगताना त्यांची जीभ अडखळली नाही. गावात त्यांना मान होता. कोणी शंका घेतली नाही.

एका दुपारी कामावर मजुरांना सरकारी सुकडी वाटली. मंजुळाबाईने आपल्या वाट्याची मूठभर उत्तमरावांपुढे धरली.

"घे बापा. तुह्या घरी लेकरं हायेत."

उत्तमरावांचा हात पुढे होईना. "काकू, तुमी मले काऊन देता? माह्यामुळं तुमचा पोरगा..."

"तुह्यामुळं काऊन? तू पाह्यलं ते सांगतलं. मुक्या जनावरांले जाळणारा माह्या पोटी आला, हा माहा भोग. म्या त्याले भेटाले बी गेली नाही. त्यानं निरोप धाडला, माय, म्या नाही केलं. पण उत्तम खोटं कसा बोलीन?"

सहदेवचा तुरुंग उत्तमरावांना ठाऊक होता. त्याची आईही आपण त्याच्यापासून तोडली, हे त्यांना आज कळलं. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकू, म्या खोटं बोललो. सहदेवले म्या पाह्यलंच नव्हतं."

हातोडे थांबले. मंजुळाबाईच्या मुठीतली सुकडी खाली सांडली. ती पदर सावरून गावाच्या वाटेला लागली.

संध्याकाळी उत्तमरावांनी बायकोला, वच्छलाबाईंना, सगळं सांगितलं. "उद्या बुलढाण्याले जातो. मले आत टाकतीन. अशा दिवसांत तुमाले उघडं टाकून जाणं..."

वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमी हात जोडत, पण देवाकडं पाहात नव्हते. मले वाटे, दुष्काळाचा घोर हाये. खोटं बोलतानी देवाले इचारलं नाही. आता खऱ्यासाठी जाता, त आमची काळजी त्याच्यावर टाका."

सकाळी मोटार पकडण्याआधी उत्तमराव मारुतीपुढे उभे राहिले. "देवा, शिक्षा टाळ म्हणत नाही," ते म्हणाले. "लेकरांवर नजर ठेव. अन् माही जीभ पलटू देऊ नको."

बुलढाण्यात एका वकिलाने त्यांना समजावलं, "निकाल लागून गेला. आता तुम्हीच अडकाल."

"अडकू द्या," उत्तमराव म्हणाले.

चौकशी झाली. सहदेव सुटला, आणि खोट्या साक्षीबद्दल उत्तमरावांना शिक्षा झाली. नवऱ्याचा हातोडा घेऊन वच्छलाबाई खडी फोडायला जाऊ लागल्या. पहिल्यापहिल्यांदा त्यांच्याजवळ कोणी बसेना. घरी रेशनच्या लाल ज्वारीची भाकर लेकरांना पुरेल तेवढीच होई, तरी चूल पेटवताना त्या देवाचं नाव घेत. एक दिवस मंजुळाबाई आपली टोपली घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"सहदेव घरी आला, पण मले नीट बोलत नाही," ती म्हणाली. "तुह्या नवऱ्यानं खोटं सांगतलं, अन् म्या आई असून मानलं. तू नवऱ्याची वाट पाहून राह्यली, मी पोराच्या बोलण्याची."

त्यानंतर दोघी रोज जवळजवळ बसत.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. उत्तमराव सुटून आले ते घरी न जाता आधी सहदेवच्या दारात गेले. सहदेव अंगणात वखर दुरुस्त करत होता. उत्तमरावांनी वाकून त्याच्या पायांना हात लावला, तसा तो मागे सरकला.

"माफ केलं, असं आजच म्हणत नाही," सहदेव म्हणाला. "लय आत गेलं हाये ते. पण तुमाले कोणी धरलं नव्हतं. तुमी आपल्या पायानं कोर्टात गेले, घरी खायाले नसतानी. हे माह्यानं झालं असतं का, मले सांगता येत नाही."

उत्तमराव डोळे पुसत उभे होते. आतून मंजुळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. सहदेवने आईच्या हातून तो घेतला आणि उत्तमरावांपुढे धरला.

"बसा," तो म्हणाला. "उन्हातून आले."