कागदी रुमालातली कवळी

"मेली आज परत टोचायला लागली."

हे गाऱ्हाणं माझ्याइतक्या जवळून कोणी ऐकलं नसेल, कारण ते माझ्या अंगाला घासूनच बाहेर पडलं. मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे, वरच्या जबड्याची. आणि ती 'मेली' म्हणजे मीच.

दंतवैद्याच्या मागच्या खोलीत एका कारागिराने मला घडवलं. माझी मालकीण खानावळ चालवायची. तिने एकच अट घातली होती, "पुढचा एक दात जरा वाकडा करा, माझा होता तसा. सरळसोट दात दिसले की लोकांना लगेच कळतं." कारागीर हसला आणि त्याने माझा एक दात तिरका बसवला. म्हणजे लपून राहणं माझ्या पाचवीलाच पुजलेलं होतं.

तरी मी कामात कसूर केली नाही. गिऱ्हाइकांची पानं उठल्यावर ती ओट्याशी उभ्याने जे गार घास खायची, ते मी चावून दिले. लेकीच्या लग्नात ती तोंडभरून हसली, तेही माझ्याच जिवावर. विहीणबाईंनी विचारलं, "काय हो, या वयातही दात कसे शाबूत तुमचे?" तर ही म्हणाली, "आमच्या घराण्याची देणगीच आहे ती." वाटलं, कडकडून चावावं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय?

घरात मी कोणाला माहीत नव्हते असं नाही. लेकीनेच मला दवाखान्यातून आणलं होतं. जावईबापूंनी एकदा मला बेसिनजवळच्या वाटीत पाहिलं आणि दार अलगद ओढून घेतलं. पण कोणी अवाक्षर काढलं नाही. लेक नवऱ्यापासून लपवायची, जावई सासूपासून आणि सासू जावयापासून.

खानावळ बंद केली तेव्हा लेक म्हणाली, "आई, चार दिवस शहरात जाऊ. उठायचं नाही, वाढायचं नाही, तू नुसतं खायचंस."

मित्रांनो, काय काय चावलं मी तिथे. तळघरातल्या एका हॉटेलात हाडांच्या रश्श्यातल्या हातभर लांब शेवया. दुसरीकडे समुद्री शेवाळात गुंडाळलेला गार भात. कोळशावर भाजलेलं मांस आणि वर डाळिंबाचे दाणे. ती डोळे मिटून पुटपुटायची, "मोहरी आहे यात, पण वाटलेली नाही. भिजवलेली."

"आई, तुम्ही जेवताय की तपासणी करताय?" जावई विचारायचे.

"जन्मभर लोकांनी माझ्या जेवणाला नावं ठेवली. आता माझी पाळी."

दुसऱ्या दिवशी बंदरावर धुरावलेला मासा खायला जायचं होतं. शहरात पाऊल ठेवल्यापासून तिने त्याच माशाचा जप चालवला होता.

पण आदल्या दुपारी जेवणानंतर बदामाची चिवट मिठाई आली आणि माझ्या अंगाला अशी चिकटली की मी जागची हलले. जावई हात धुवायला गेले होते. तिने मला झटकन काढलं, कागदी रुमालात गुंडाळलं आणि ताटलीआड ठेवलं. मग तो तुकडा नुसत्या हिरड्यांवर घोळवत ती मिटक्या मारू लागली. इतक्या सुखात मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आणि तेही माझ्यावाचून. ते मला फार लागलं.

जावयांची पावलं वाजली, ती गडबडीने उठली आणि मी टेबलावरच राहिले. वेटरने ताटलीबरोबर मलाही उचललं. मासळीचे काटे, लिंबाच्या साली आणि लोकांचं उष्टं यांच्यात, कचऱ्याच्या पिशवीत मी जाऊन पडले.

थोड्या वेळाने काउंटरपाशी ओळखीचे आवाज आले.

"आईचा रुमाल राहिलाय इथे," लेक म्हणाली.

"कसला रुमाल?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"पांढरा. म्हणजे, कागदी."

"अहो, मग हे घ्या की नवे. ढीगभर आहेत."

मग तोंडावर हात धरलेला माझ्या मालकिणीचा आवाज आला, "जाऊ दे गं. साधा कागद होता. त्याचं काय एवढं?"

साधा कागद. जिच्यासाठी मी इतकी वर्षं झिजले, तिने चारचौघांत मला ओळखही दिली नाही.

"आई," जावई हळूच म्हणाले, "कागदच असेल, तर उद्याचा मासा राहू दे का? सूपबीप घेऊ आपण."

"तुम्ही गप्प बसा हो," लेक पुटपुटली.

तेवढ्यात वेटरने माझ्या पिशवीला गाठ मारली. "बाई, कचऱ्याची गाडी आलीय. देऊ ना?"

मित्रांनो, त्या अंधारात मला तुम्हालाच एक सांगावंसं वाटलं. चष्मा असो, काठी असो, कानातलं यंत्र असो, तुमची उणीव जी भरून काढते तिला स्वच्छ ठेवा, जपून वापरा. पण नुसतं धुऊन-पुसून ठेवण्याने तिचं समाधान होत नाही. कधीतरी चार माणसांत तिला आपली म्हणा. तिला दुसरं काही नको असतं.

पिशवी उचलली गेली. मी आशा सोडली.

"थांब रे बाबा."

आवाज बोबडा होता, पण आता त्याच्यावर हात नव्हता. पिशवी पुन्हा जमिनीला टेकली.

"जावईबापू, तुम्हीही ऐका. त्यात माझे दात आहेत."