दुर्बीण आणि मास्तरांचा उजवा पाय

मी दुर्बीण बोलतेय. एवढ्या जवळ येऊ नका, थोडं मागे सरका. जवळचं मला धूसर दिसतं आणि मग मी उगाच कुणाचाही अपमान करून बसते. हां, आता ठीक आहे. आता तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय, तेही दिसतंय.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. जिने माझी भिंगं बसवली, त्या बाईने मी नीट झालेय का हे बघायला मला थेट समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर रोखलं. "अगं, जेवायची सुट्टी व्हायला अजून बराच वेळ आहे," ती शेजारणीला म्हणाली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. माझ्यातून कुणी पाहिलेली ही पहिली गोष्ट. पण मला केवढा अभिमान वाटला! लांबचं जवळ आणायचं आणि जे असेल तेच दाखवायचं, हे माझं काम. खोटेपणा माझ्या भिंगात नाही.

माझे पहिले मालक एक वकीलसाहेब होते. ते मला खेळाच्या मैदानावर न्यायचे आणि खेळ सोडून समोरच्या रांगेत कोण काय खातंय ते बघायचे. घरी त्यांच्या सासूबाई येताना दिसल्या की मला उलटी धरायचे. उलट्या बाजूने बघितलं की सासूबाई लांब गेल्यासारख्या वाटायच्या. एकदा सासूबाईंनी हे पाहिलं. त्या आठवड्यातच मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन पडले, एक मोडकी इस्त्री आणि काटे नसलेलं घड्याळ यांच्या मधोमध.

तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला उचलायचं, समोरच्या दुकानाची पाटी वाचायचं, "वा!" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. ती पाटी मला तोंडपाठ झाली होती. मग आमचे मास्तर आले.

मास्तर गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक जादा ब्रेक त्यांच्याही पायाशी आहे. दुसऱ्याच्या हातात स्वतःचा जीव देऊन ते वर्षानुवर्षं तो ब्रेक दाबत आलेत. आता उजवा पाय त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. अचानक काहीही समोर आलं की तो आपोआप आपटतो. लिफ्टचं दार उघडलं, धाड! टीव्हीतल्या बाईने वळून बघितलं, धाड! खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, हे घरात फर्निचर हलवत असतात.

रागाने दात खाऊन खाऊन मास्तरांचे दातही झिजले होते. ते बघून दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, एवढे दात खाता कशाला?"

"मी कुठे खातो? शिकणारे खायला लावतात."

"रविवारी आम्ही पाच-सहा जण पक्षी बघायला जातो. तुम्ही पण या. डोकं शांत होतं."

हे ऐकून त्यांच्या बायकोला कोण आनंद झाला! गटातले लोक तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. रविवारी मास्तर घरी असले की वहिनींना स्वयंपाकघरातसुद्धा सुख नसायचं. "अगं, वळायच्या आधी मागे बघ! पातेलं घेऊन एकदम कसली वळतेस?" वहिनींनी स्वतःच मास्तरांना दुकानात पिटाळलं आणि मी त्यांच्या गळ्यात पडले.

माझ्या नशिबात आता मोकळं रान आलं, म्हणून मी हरखून गेले. ओढ्याकाठी डॉक्टरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "कुणी हलायचं नाही. दुखणार नाही." सवयच आहे त्यांची. समोर वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. निळाशार! मास्तरांनी माझं चाक फिरवलं. खंड्या स्पष्ट होत आला, होत आला आणि...

धाड! वाळक्या पाचोळ्यावर ब्रेक लागला. खंड्या फुर्रकन उडाला.

"दिसला का मास्तर?"

"दिसला की! काय ती ऐट!"

साफ खोटं. मला विचारा ना! मास्तरांना दिसली ती फक्त हलणारी फांदी. पुढे तर प्रत्येक वेळी हेच. पक्षी भिंगात शिरायच्या आत पाय पुढे आणि पक्षी मागे. एकदा तर माझी टोपणं काढायलाच विसरले आणि काळोखात बघत म्हणाले, "अहाहा, काय रंग आहे!"

"कोणता रंग?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काळा."

"मग कावळा असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चहाच्या वेळी सगळ्या दुर्बिणी एका चादरीवर ठेवल्या जायच्या. तिथे बाकीच्यांच्या गप्पा रंगायच्या. "आज आमच्या काकांना सुतारपक्षी दाखवला. काका बराच वेळ श्वास घ्यायलाच विसरले." "आमच्या बाई घुबडाकडे बघून हसल्या, तर घुबडाने मान वाकडी केली." मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "तुम्ही काय दाखवलंत?" मी म्हणायचे, "पानं." अहो, पक्षी बघून दुर्बीण खाली घेतलेल्या माणसाचं तोंड एकदा बघा. घरी कितीही कटकटी असोत, ते तोंड निवांत झालेलं असतं. माझ्या मास्तरांचं तोंड तसं झालेलं मला एकदाच बघायचं होतं. तेवढ्यासाठी मी जीव टाकत होते.

त्या हंगामात सगळ्यांना हळद्याने वेड लावलं होतं. पिवळाधमक पक्षी, आवाज गोड, पण पानांआड असा दडतो की डोळे दुखून येतात. एके रविवारी तो उघड्या फांदीवर येऊन बसला. सगळ्यांनी श्वास रोखले. मी मनातल्या मनात म्हटलं, मास्तर, तुम्हाला माझ्या भिंगांची शप्पथ, आज नको.

धाड!

डॉक्टरबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मास्तर, पुढच्या वेळी पाय घरी ठेवून या. जमत नसेल तर तुम्हीच घरी राहा!"

मास्तर ओशाळले. मग त्यांनी सगळं खापर माझ्यावर फोडलं. "माझं काही नाही हो. या दुर्बिणीतच दोष आहे. देऊन टाकतो ती परत दुकानात."

माझ्यात दोष! माझी भिंगं भरून आली. "बघा, आत वाफ पण धरते," असं म्हणत मास्तरांनी शर्टाच्या टोकाने मला पुसलं. त्या क्षणी मला हात असते, तर काय केलं असतं ते सांगत नाही.

परतीच्या वाटेवर एक खार आडवी गेली. मास्तरांनी ब्रेक मारला तो नेमका दगडावर. पायाचं हाड चिरलं.

घरी मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले. प्लास्टरमधला पाय समोर स्टुलावर, त्याखाली गुबगुबीत उशी. मी दाराजवळच्या पिशवीत, दुकानात परत जायच्या तयारीत. पुन्हा ती इस्त्री, ते घड्याळ आणि ती पाटी!

तिसऱ्या प्रहरी वहिनी भांडी पुसता पुसता खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "आला बाई नवरदेव."

"कोण?"

"आपलं पाखरू हो. शेजारच्या अंजिरावर येतं ते. त्या दोन भांडकुदळ बुलबुल म्हणजे जावा, ती शेपटी उडवत फिरते ती नणंदबाई आणि हा हळद लागलेला नवरदेव. डोळ्यात काजळ पण घालतो."

मास्तर ताठ झाले. "पिवळा आहे? डोळ्यापाशी काळी रेघ?"

"हो. रोज येतो. तुम्ही रविवारी रानात असता ना, तेव्हापण येतो."

"अगं, मग मला सांगितलं नाहीस कधी!"

"तुम्ही घरात असलात की खिडकीबाहेर बघता का? मी वळताना मागे बघते की नाही, तेच बघत असता."

मास्तरांनी दाराजवळच्या पिशवीकडे बोट केलं. "दुर्बीण आण," ते कुजबुजले. वहिनींनी मला पिशवीतून काढलं आणि टोपणंसुद्धा आठवणीने काढली. मास्तरांनी मला डोळ्यांना लावलं. चाक फिरलं. हिरवं धूसर, मग पिवळं धूसर, मग एकदम लख्ख. पिकलेल्या अंजिरात चोच खुपसून बसलेला हळद्या!

पायाने आपलं काम केलंच. प्लास्टर हललं, बोटं वळली आणि सगळा ब्रेक उशीत मुरला. आवाज झाला नाही. हळद्याने अंजीर खाल्लं, चोच फांदीला पुसली, मान वळवून थेट आमच्याकडे बघितलं आणि तरी तो बसून राहिला.

न बघता "दिसला, दिसला" म्हणणारा माझा मालक या वेळी एक अक्षर बोलला नाही. त्याच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या आणि त्या ओल्या होत्या. खरं सांगते, मला फार फार बरं वाटलं. मी जन्मले त्याचं सार्थक झालं.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी मला खाली घेतलं. तोंड निवांत झालं होतं. ते हळूच म्हणाले, "तू पण बघ ना."

"मला तसाच दिसतोय की."

"अगं, यातून बघ. जवळून."

वहिनींनी हात पुसून मला डोळ्यांना लावलं. हळद्या एकदम नाकासमोर आला. आणि...

धाड!

हळद्या उडाला. खालच्या मजल्यावर कुणीतरी छत ठोकलं. मास्तर वहिनींच्या उजव्या पायाकडे बघतच राहिले. "हा ब्रेक कुठे शिकलीस तू?"

"एवढी वर्षं गाडीत तुमच्या शेजारी बसतेय," वहिनी म्हणाल्या, "दुसरं काय शिकणार?"

दोघं इतकी हसली, इतकी हसली, की मी वहिनींच्या हातातून सुटून मास्तरांच्या मांडीवर पडले. मला परत द्यायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता मी खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. डॉक्टरबाई पाय कसा आहे ते बघायला आल्या, हळद्या बघून गेल्या आणि रविवारच्या फेरीचं बोलावणं देऊन गेल्या. मास्तरांना आणि वहिनींना, दोघांनाही. एकच अट घातली, उशी बरोबर आणायची. रानात आता ही दोघं घडीच्या खुर्च्यांवर बसतात आणि समोरच्या उशीवर दोन उजवे पाय शेजारी शेजारी असतात.

तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला तेवढी बाहेर काढा. टोपणं काढा, खिडकीशी बसा आणि शेजारी कोण आहे त्यालाही बघू द्या. पक्षी उडाला तर उडू दे. तो परत येतो.

श्श! अंजिराची फांदी हलली. मास्तर, सावकाश. वहिनी, उशी कुठे आहे? अहो, आधी उशी!