दोन ब्लाउज

"काकू, पिशवी द्या इकडे. ऑपरेशन थिएटरात नाही नेता येत."

शिवणकाकूंनी पिशवी सोडली नाही. "यात दोन ब्लाउज आहेत. एक साधं, एक खिशाचं. माझं ऑपरेशन झालं की जे लागू पडेल ते माझ्या अंगात घाल. तोंडाने काही सांगू नकोस मला."

खिशाचं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्या आईला हाच आजार झाला तेव्हा मी शाळेत होते. गाठीच्या कडा तपासून गरजेपुरतंच काढायचं, असली सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. सरसकट सगळा स्तन काढून मोकळे. आई घरी आली, तशा शेजारच्या शिवणकाकू तिची सगळी ब्लाउजं घेऊन गेल्या आणि एका बाजूला आतून खिसा लावून, त्यात कापसाची उशी भरून परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "मापात जरा चुकले होते गं मी. दुरुस्त केलंय." गल्लीला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

आई पुढे बरीच वर्षं जगली. पण झोपेत तिचा हात त्या बाजूला जायचा आणि रिकामी जागा चाचपत राहायचा. तो हात मी अजून विसरलेले नाही.

आता टेबलावर काकू होत्या. हिरव्या कापडांतून चौकोनभर कातडी तेवढी दिसत होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी भोवतालच्या मांसासकट गाठ काढली, वरच्या कडेला आखूड दोरा बांधला, बाहेरच्या कडेला लांब, आणि माझ्या हातातल्या भांड्यात ठेवली. एकदा शरीरातून निघालं की त्या गोळ्याचं वर कुठलं न् खाली कुठलं कळत नाही, म्हणून हे दोरे. लॅबवाले त्याच्या कडांना रंग लावतात, गोठवून पातळ काप काढतात आणि आजार रंगलेल्या कडेपर्यंत पोचलाय का ते बघतात. नसेल तर सुटलो. असेल तर आणखी कापायचं. त्यांचा फोन येईपर्यंत आम्ही जखम ओल्या कापडाने झाकून उभे.

ही वाट बघणं मला खायला उठतं. भूलवाल्या डॉक्टरांच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, पण या वेळी तेही गप्प होतात. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी आई येते. भिंतीवरच्या फोनपाशी उभी राहते, छातीवर हात आडवा धरून. मी या कामाला लागले तेव्हापासून येते. आज तिच्यामागे काकूंच्या शिलाई मशीनचा आवाजही ऐकू येत होता.

फोन वाजला.

"बाकी कडा साफ आहेत. लांब दोऱ्याकडची नाही."

मोठ्या डॉक्टरांनी जखमेवरचं ओलं कापड उचललं. मग म्हणाल्या, "त्या बाजूने मांसाची आणखी एक पट्टी घेते. पण बाई मुळात किरकोळ अंगाच्या आहेत. तीही साफ नाही आली तर ठेवण्यासारखं काही उरणार नाही, सगळं काढावं लागेल. त्यांना सांगितलंय तसं. सिस्टर, सुरी."

मी सुरी दिली.

पट्टी लॅबमध्ये गेली. पुन्हा वाट बघणं आलं.

"नात्यातल्या आहेत का?" भूलवाल्या डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"शेजारच्या."

मनातल्या मनात मी म्हटलं, आई, आज जा गं. आज तुझं इथे काही काम नाही. ती जागची हलली नाही.

"साफ आहे," फोनवरचा आवाज म्हणाला. "पक्का रिपोर्ट आठवड्याने. गोठवलेल्या कापात कधीकधी निसटतं, तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे," म्हणत मोठ्या डॉक्टरांनी टाके घालायला घेतले.

"चला, घ्या आता श्वास," भूलवाले डॉक्टर म्हणाले. "एकटा पेशंट घेत होता मघापासून."

ड्युटी संपल्यावर मी काकूंच्या खाटेशी बसून पिशवी उघडली. वर खिशाचं ब्लाउज. इस्त्री केलेलं, अस्तर लावलेलं, उशीसुद्धा भरून तयार. त्याखाली साधं. त्याला हुकच नव्हते. बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यावर होत्या. जन्मभर लोकांचे कपडे वेळेवर देणाऱ्या बाईने स्वतःचं हे एवढं अर्धवट ठेवलं होतं. पुरं करण्याइतकी आशा तिला धरवली नव्हती.

पिशवीच्या तळाशी हुकांची पुडी आणि सुईदोरा होता. मी हुक लावायला बसले. माझं शिवण म्हणजे आनंदच. लहानपणी काकू म्हणायच्या, "टाके आहेत की मुंग्या पळताहेत?"

डोळे मिटलेले असतानाच काकूंचा हात वर आला. छातीवरच्या बँडेजवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला आणि मग तिथेच राहिला.

"काय करतेस?"

"हुक लावतेय."

त्यांनी डोळे उघडले. माझ्या मांडीवर कुठलं ब्लाउज आहे ते बराच वेळ बघत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं.

"दुहेरी दोरा घे. एकेरी टिकत नाही."

"घेतलाय. ते दुसरं उसवून टाकू?"

"नको," काकू म्हणाल्या. "पक्का रिपोर्ट यायचाय ना अजून? राहू दे."

मी खिशाचं ब्लाउज घडी मोडू न देता पिशवीत परत ठेवलं. मान वर केली, तर आई दाराशी उभी होती, हात तसाच आडवा. मी मान खाली घातली आणि पुढचा हुक लावायला घेतला.