प्रांजलचं भाडेकरू झाड

कल्पना करा, तुम्ही एका जागी निवांत उभे आहात आणि दर पावसाळ्यात कुणीतरी येऊन तुम्हाला उपटून दुसरीकडे उभं करतंय. फुलाल का तुम्ही? कोन गावातल्या प्रांजलच्या झाडाचं अगदी असंच झालं होतं.

झाड होतं बर्ड ऑफ पॅराडाइजचं. पानं केळीसारखी, फूल मात्र नारिंगी तुरा असलेल्या पक्ष्याच्या डोक्यासारखं. पळस्प्याच्या नर्सरीतून रोप आणलं त्याच दिवशी प्रांजलने अंकिताआत्याला शब्द दिला होता, "तुझ्या हळदीला माझ्या झाडाचं फूल!" तीन वर्षं झाली. फुलाचा पत्ता नव्हता.

"आधी नळाजवळ, मग आंब्याखाली, आता फाटकापाशी," शेजारची हौसाआजी म्हणाली. "पोरी, भाडेकरू तरी अकरा महिन्यांनी करार वाढवून तिथंच राहतो गं!"

"पण भाताची रोपं उपटून लावल्यावरच वाढतात ना?" प्रांजल फुरंगटली.

प्रांजलचे काशीरामआजोबा मिशीत हसले. "भात एकदाच उपटून लावतात. दरसाल तेच रोप नाय! ह्याची मुळं दाटीवाटीनं बसली की मगच हे फुलतं. ऊन दे, वरची माती सुकली की पानी दे, आन् तुजे हात जरा आवर."

फाटकापाशी ऊन भरपूर होतं. झाड तिथंच राहिलं. प्रांजलचे हात दोन पावसाळे शिवशिवले, पण तिने ते आवरले. मग आत्याचं लग्न ठरलं आणि हळदीच्या थोडं आधी पानांमधून चोचीसारखी हिरवी कळी वर आली.

हळदीची संध्याकाळ झाली, बेंजोवाले आले, तरी चोच बंदच.

"कापून नेऊ?" प्रांजल रडकुंडीला आली होती.

"आत्ता कापलीस तर उघडायची पन नाय कदाचित," आजोबा म्हणाले. मग त्यांनी मुद्दाम फावडं उचललं. "उपटून अख्खं झाडच मांडवात ठेवू का?"

"न्या की," हौसाआजी म्हणाली, "सवय हाय त्याला!"

प्रांजलने आजोबांच्या हातातलं फावडं काढून घेतलं, दाराआड ठेवलं, मांडवात धावली आणि हळदीने माखलेल्या आत्याचा हात धरून तिलाच फाटकापाशी घेऊन आली.